मालक अज्ञात

नलूकाकूंचा फोन आला की आधी राग ऐकू यायचा आणि मग नलूकाकू. "हॅलो" हा शब्द त्या वापरतच नसत. "काय माणसं आहेत गं ही!" अशी थेट सुरुवात. ती माणसं म्हणजे कधी रस्त्यावरचं बर्फ आपल्या दारात ढकलणारे, कधी डॉक्टरांच्या फोनवरचं मशीन, कधी महाराष्ट्र मंडळाची कमिटी. मी फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटत राहायचे. सगळं बोलून झालं की त्या दम घ्यायच्या आणि म्हणायच्या, "मी चिडलेली नाहीये हं स्मिता. मी बरोबर आहे." आणि फोन ठेवून द्यायच्या.

अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत त्या सगळ्यांत जुन्या. मूळच्या नाशिकच्या. लग्न होऊन मधुकाकांबरोबर इथे आल्या आणि पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरी करून रिटायर झाल्या. बुटक्या, बारीक, पांढरा बॉयकट, अंगात बाराही महिने स्वेटर. मी नवी नवी इथे आले तेव्हा एका रविवारी मला फार आठवण आली म्हणून मी आईने दिलेलं सुकट भाजायला घेतलं. शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून खिडक्या बंद, एक्झॉस्ट चालू, वर दोन उदबत्त्या. धुरातच दारावर थाप पडली. दारात एक अनोळखी बाई. काही न विचारता आत आल्या आणि धडाधड खिडक्या उघडत सुटल्या.

"मी भाजी खाणारी बाई आहे, मला हा वास सोसत नाही," त्या म्हणाल्या. "पण स्वतःच्या घरात चोरासारखं जेवायचं म्हणजे काय? गुदमरून मरशील. उघड ती पण खिडकी."

ही आमची ओळख.

त्यांच्या पलीकडच्या घरात मिसेस युन राहायच्या. कोरियाहून आलेल्या, आयुष्यभर हॉस्पिटलात नर्स म्हणून राबलेल्या. काकू त्यांना युनबाई म्हणायच्या, आणि पुढे आम्ही सगळेच म्हणायला लागलो. दोघींची मैत्री ऐकणाऱ्याला भांडण वाटेल अशी. युनबाईंचं इंग्रजी तुटक, दोन-दोन शब्दांचं. काकूंचं इंग्रजी उत्तम, पण रागाच्या भरात त्यात मराठी घुसायचं. काकू त्यांना म्हणायच्या, "एवढं मीठ? बीपीने मरायचंय का?" युनबाई म्हणायच्या, "तू गप्प. तुझं लोणचं म्हणजे तेलाचा डबा." आणि दोघी एकमेकींचं खायच्या.

युनबाईंच्या मागच्या अंगणात मातीचे तपकिरी रांजण होते. सगळ्यांत मोठ्यात हिवाळ्याची किमची: कोबीच्या पानापानांत तिखट-मीठ भरून आंबवायला ठेवलेली. शेजारच्या लहान रांजणात सोयाबीन आंबवून केलेली काळपट चटणी. ती दर वर्षी नवी करायच्या, पण जुन्यातली थोडी मागे ठेवून तिच्यातच नवी मिसळायची. विरजण असतं ना आपलं, तसं. मुलगा डॅनियल पोटात असताना लावलेली चटणी त्या रांजणात अजून आहे, असं त्या सांगायच्या. चांगलं ऊन पडलं की झाकणं उघडायची, ऊन उतरलं की बंद करायची. नोकरी सोडल्यावर त्यांचा दिवस या झाकणांवर चालायचा.

एका वर्षी आमच्या घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस आली. मागच्या अंगणातील आंबलेल्या पदार्थांच्या दुर्गंधीमुळे रहिवाशांना त्रास होतो, सबब भांडी हटवावीत. तक्रार करणारा माणूस आपल्यातलाच निघाला. चांगला पुण्याचा. मीटिंगमध्ये तो "प्रॉपर्टी व्हॅल्यू" वगैरे फार गोड आवाजात बोलला. इथे सगळे फार गोड आवाजात बोलतात. कुणाचं काही काढून घ्यायचं असेल तर जास्तच गोड. युनबाई खाली बघत बसल्या होत्या. काकू उठल्या.

"दुर्गंधी?" त्या म्हणाल्या, आधी इंग्रजीत, मग त्याच्याकडे वळून खणखणीत मराठीत. "तुमच्या घरी शुक्रवारी काय शिजतं ते मला माझ्या बाथरूममध्ये कळतं. मी आले का नोटीस घेऊन? आपल्याच फोडणीचा वास लपवता लपवता नाकं गोरी झाली तुमची!"

तरी ठराव पास झाला. युनबाईंनी रांजण ठेवायचे नाहीत. काकूंनी दुसऱ्या दिवशी मधुकाकांना आणि माझ्या नवऱ्याला कामाला लावलं आणि सगळे रांजण ओढत स्वतःच्या अंगणात आणले. "ठराव तिच्या नावाचा आहे. माझ्या नावाचा करा, मग बघते," त्या म्हणाल्या. कुणीही केला नाही. काकूंच्या तोंडी लागायला कुणाला वेळ होता?

त्या ओढाओढीत मोठा रांजण एका बाजूने तडकला. मधुकाका स्वभावाने थंड. त्यांनी बेसमेंटमधून तांब्याची तार आणली, रांजणाच्या पोटाला दोन वेढे दिले आणि पक्कडीने पीळ देऊन बसवली. युनबाईंनी पाणी भरून बघितलं. गळलं नाही. मधुकाका गेले त्या वर्षी युनबाई त्या तारेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. काकूंनी ते खिडकीतून पाहिलं आणि मला फोन करून सांगितलं. त्या फोनमध्ये मात्र राग नव्हता.

मग युनबाईंना झटका आला. उजवी बाजू अधू झाली, बोलणं आणखी तुटलं. डॅनियल प्लेनोहून विमानाने आला, आईला जवळच्या एका नर्सिंग होममध्ये, म्हाताऱ्यांची देखभाल करतात तिथे, ठेवलं आणि परत गेला. काकू दर बुधवारी जायच्या. युनबाईंचा प्रश्न ठरलेला. "झाकणं?" काकू म्हणायच्या, "उघडली बाई, उघडली. आत्ताच उघडून आले." आणि खरोखरच उघडून आलेल्या असायच्या.

त्या हिवाळ्यात काकूंचा भाऊ आजारी पडला म्हणून त्या नाशिकला गेल्या आणि तिकडेच अडकल्या. परत आल्या तर युनबाईंचं घर विकलेलं, आणि यांच्या अंगणात रांजणांच्या जागी सिमेंटवर नुसते गोल डाग. डॅनियलने येऊन नेले होते. काकूंनी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "आंटी, डोनेट केलेत. चांगल्या ठिकाणी आहेत. डोन्ट वरी." पुढे त्याने त्यांचे फोन उचलणं बंद केलं.

मला आलेला फोन मी विसरणार नाही. "माझ्या अंगणातून नेले! माझ्या! मला न विचारता! वाण्याच्या दुकानातून नेल्यासारखे!" त्या दिवशी शेवटचं "मी बरोबर आहे" आलंच नाही. जरा थांबून म्हणाल्या, "आता बुधवारी तिला काय सांगू गं?"

बुधवारी युनबाईंनी विचारलं, "झाकणं?" आणि जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं न बोललेल्या नलूकाकू म्हणाल्या, "उघडली."

पुढचं वर्षभर हेच चाललं. बाहेर पाऊस असला की त्या म्हणायच्या, "आज नाही उघडली, पाऊस आहे." इतकं तपशीलवार खोटं. नर्सिंग होममधून बाहेर आल्या की गाडीत बसून स्वतःवर संतापायच्या. माझ्याच गाडीत, म्हणून मला ठाऊक.

माझी मुलगी ईरा तेव्हा कॉलेजातून सुट्टीवर आली होती. तिला काकू फार आवडायच्या. ती म्हणाली, "आई, लेट्स टेक काकू समव्हेअर फन. देअर इज अ न्यू किमची म्युझियम." हडसन नदीच्या अलीकडे, जिथे दुकानांच्या पाट्या कोरियनमध्ये आहेत, त्या भागात एका जुन्या फर्निचरच्या शोरूममध्ये ते उघडलं होतं. काकू म्हणाल्या, "खायची गोष्ट बघायला कशाला जायचं?" पण आल्या.

आत शिरताच त्यांचं नाक फुरफुरायला लागलं. "वास कुठाय?" खरंच नव्हता. स्वच्छ, थंड, पांढरी जागा. काचेत प्लास्टिकचे कोबी, प्लास्टिकच्या मिरच्या, वर मंद दिवे. एका भिंतीवर बायका ओळीने बसून कोबीला तिखट चोळताहेत असा व्हिडिओ. एका खांबावर बटण होतं. दाबलं की छोट्या भोकातून फुस्स करून वास यायचा. लोक रांग लावून दाबत होते, नाक मुरडून हसत होते. काकूंनीही दाबलं. "हा?" त्या म्हणाल्या. "हा तर फिनाइलचा मावसभाऊ." ईरा हसली. मीही हसले. तोवर सगळं ठीक होतं.

शेवटच्या दालनात दोरीच्या पलीकडे, वाळू पसरून, रांजण मांडले होते. मी पुढे चालले होते. मागे वळून पाहिलं तर काकू जागच्या जागी थांबलेल्या. मोठ्या रांजणाच्या पोटाला तांब्याची तार होती. दोन वेढे, आणि पक्कडीचा पीळ.

खाली पाटी होती. ईराने वाचली. आंबवण्याचे पारंपरिक रांजण. तारेने सांधण्याची ग्रामीण पद्धत येथे पाहता येते. मालक अज्ञात. एका कुटुंबाकडून भेट.

 काकूंचा आवाज चढला.

"अज्ञात? कोण अज्ञात?" सगळं दालन वळलं. "ती इथून अर्ध्या तासावर बसलीय! उकडलेली गाजरं खातेय! आणि ग्रामीण पद्धत? आमच्या ह्यांनी बांधलीय ती, बेसमेंटमधल्या तारेने! माझ्या अंगणात!" हे सगळं मराठीत. मग तेच इंग्रजीत. आणि बोलता बोलता त्यांनी दोरी वर उचलली आणि पलीकडे गेल्या.

"काकू, प्लीज," ईरा रडवेली झाली. "एव्हरीवन इज लुकिंग."

"बघू देत की! म्युझियम आहे ना? बघायलाच आलेत."

गार्ड धावत आला. काकूंनी रांजणाला हात लावलेला, त्या सोडायला तयार नाहीत. गार्डला एवढ्याशा म्हातारीला धरावं कसं ते कळेना. मग म्युझियमची डायरेक्टर आली. तरुण, कोरियन आईबापांचीच इथे जन्मलेली मुलगी, काळा ब्लेझर. तिने काकूंना ऑफिसात नेलं, पाणी दिलं. ती गोड आवाजात बोलायला लागली तेव्हा मला धडकी भरली, कारण काकूंना तोच आवाज सोसत नव्हता. पण मुलगी ऐकणारी होती. तिने तिथूनच डॅनियलला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"डॅनियल," काकू म्हणाल्या, "आईचं नाव का नाही दिलंस?"

तो गडबडला. नाव द्यायचं की नाही असं विचारलं होतं, त्याने नको म्हटलं होतं. का, ते त्यालाही नीट सांगता येईना. "आंटी, ममला आता काय कळणार आहे?"

"तिला कळत नाही हे तुला कुणी सांगितलं? तू शेवटचा आलास कधी?"

तेव्हा तोही चिडला. आवाज चढवून म्हणाला की शाळेत त्याच्या डब्याच्या वासाने मुलं टेबलावरून उठून जायची. पुढे त्याने डबा नेणंच सोडलं, उपाशी राहायचा. आईला कधी सांगितलं नाही. "दुसऱ्या कुणी ते रांजण कचऱ्यात टाकले असते. मी म्हटलं, एक जागा तर असेल जिथे लोक त्याच्यासमोर उभे राहून नीट बघतील. मी काय वाईट केलं?"

 काकूंचा आवाज कुणापुढे उतरलेला मी पहिल्यांदा ऐकला. त्या म्हणाल्या, "जे टेबलावरून उठून गेले त्यांच्यावर चिडायचं होतंस रे. आईवर कशाला?"

 त्याने फोन ठेवला.

रांजण परत मिळाले नाहीत. ते आता म्युझियमचे होते, रीतसर. पाटी मात्र डायरेक्टरने बदलली. 'युन बोक-सून, पार्सिपनी, यांचे रांजण. तार बांधणारे: शेजारी मधुकर.' तिने पाटीचा फोटो पाठवला तेव्हा काकूंनी पार्सिपनीच्या स्पेलिंगमधली चूक काढली. मग दिवसभर फोटो सगळ्यांना दाखवत सुटल्या. आणि त्यांच्या डोक्यात आलं की युनबाईंना तिथे न्यायचं. मी म्हटलं, "काकू, नको. त्यांना वाटतंय रांजण तुमच्याकडे आहेत." त्या म्हणाल्या, "नाव लागलंय तिचं. ते बघेल तर बाकीचं विसरेल."

वसंतात एका ऊन पडलेल्या दिवशी आम्ही युनबाईंना व्हीलचेअरवरून नेलं. डायरेक्टर दारात उभी होती, कमरेत वाकून तिने नमस्कार केला, कोरियनमध्ये काहीतरी आदराचं बोलली. दोरी आधीच काढून ठेवलेली. युनबाईंनी पाटी पाहिली. डाव्या हाताने तार चाचपली. काकूंचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला होता.

मग युनबाईंनी लहान रांजणाकडे बोट केलं. "उघड."

डायरेक्टरने झाकण उचललं. युनबाई पुढे वाकल्या आणि आत बघितलं. आत काहीच नव्हतं. धुऊन, पुसून लख्ख केलेला रांजण. डॅनियलने देण्याआधी सगळी चटणी फेकून दिली होती. त्याच्या जन्माआधीपासून चालत आलेलं ते विरजण गटारात गेलं होतं. डायरेक्टरकडून आम्हाला हे आधीच कळलं होतं. पण तो रिकामा रांजण त्यांच्यासमोर उघडेल तेव्हा काय होईल याचा विचार कुणीच केला नव्हता.

युनबाई काकूंकडे वळल्या. शब्द सापडायला त्यांना वेळ लागायचा. त्या दिवशी लागला नाही.

"तू म्हणालीस, उघडली."

"बोक-सून, ऐक..."

"दर बुधवारी. उघडली. पाऊस आहे, नाही उघडली." त्यांचा डावा हात व्हीलचेअरच्या दांड्यावर आपटत होता. "तू पण? तू पण मला म्हातारी समजलीस?"

आम्ही व्हीलचेअर वळवली आणि परत निघालो.  त्यांना खोलीत सोडलं तर युनबाईंनी भिंतीकडे तोंड केलं.

मला राग आला होता, आणि तो अजून आहे. डॅनियलवर, त्या गोड आवाजाच्या असोसिएशनवर, आणि म्हाताऱ्या बाईला काही कळत नाही असं परस्पर ठरवून टाकणाऱ्या आम्हा सगळ्यांवर. पण काकू शांत होत्या. भयंकर शांत. मला वाटलं, आता या जाणार नाहीत तिकडे.

पुढच्या बुधवारी गेल्या. युनबाई बोलल्या नाहीत. त्यापुढच्या बुधवारीही नाही. मग काकूंनी कोबी आणला, तिखट आणलं आणि आपल्या किचनमध्ये आयुष्यात पहिल्यांदा किमची घातली. खिडक्या सताड उघड्या. वाईट झाली. ती डब्यात घालून घेऊन गेल्या, आणि युनबाईंच्या तोंडाशी चमचा धरला. युनबाईंनी चव घेतली आणि थुंकली.

"मीठ जास्त. मूर्ख."

काकूंनी पार्किंगमधूनच मला फोन केला. "मूर्ख म्हणाली गं मला! तोंडावर! आहे अजून ती, पूर्ण आहे!" आणि रडायला लागल्या.

मग उन्हाळाभर तेच. काकूंनी करायचं, युनबाईंनी शिव्या द्यायच्या. मिरची जळकी आहे. कोबी मेलेला आहे. लसूण कुठे गेला. काकू तावातावाने वाद घालायच्या आणि पुढच्या खेपेला सांगितल्याप्रमाणे करायच्या. सोयाबीनचीही चटणी लावली, साध्या काचेच्या बरणीत. ती जमायला वर्ष लागतं, युनबाई म्हणाल्या. "मला वर्ष आहे," काकू म्हणाल्या.

नव्हतं. ऑक्टोबरात एका सकाळी अंगणातली पानं झाडताना त्या बसल्या त्या उठल्याच नाहीत. हृदय.

युनबाईंना सांगायला मीच गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मला ने."

अंत्यसंस्कारासाठी घेतलेला फ्युनरल होमचा हॉल भरला होता. मंडळाची माणसं, लॅबमधले जुने सहकारी, आमची सगळी रांग. ॲन आर्बरहून काकूंची मुलगी मीनल आलेली, तिला उभंही राहवत नव्हतं, म्हणून बाकीचे बोलत होते. मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणाल्या, नलूताई म्हणजे मायेची सावली. एक जण म्हणाले, सदैव हसतमुख. मग तोच, नोटीसवाला पुण्याचा गृहस्थ उठला आणि म्हणाला, काकू म्हणजे मूर्तिमंत शांती, शेजारी असावा तर असा. मी मुठी आवळून बसले होते. सभ्यपणा म्हणून गप्प. ईरा शेजारी कुजबुजत युनबाईंना सगळं इंग्रजीत सांगत होती.

"नाही."

आवाज मोठा होता. सगळे वळले. युनबाईंनी डावा हात वर केला होता, शाळेत करतात तसा.

"शांत नाही," त्या म्हणाल्या. एकेक शब्द ओढून आणत होत्या. "रागीट बाई. फार रागीट. रोज." त्यांनी त्या गृहस्थाकडे बघितलं, तो अजून उभाच होता. "माझ्यासाठी, या देशात, कोणी चिडलं नाही. नवरा नाही. मुलगा नाही. मी पण नाही." दम घेतला. "ती चिडली."

गृहस्थ खाली बसला. मीनल उठून व्हीलचेअरपाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि युनबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने रडली.